खरा पक्षी कोणता?



आमच्या वर्गात कॅलेंडरातला एक फोटो लावला आहे. त्यात शेकाट्या पक्षी संथ पाण्यात उभा आहे. परवा वाऱ्याने तो खाली पडला. आम्ही परत लावला. दोन दिवस कुणालाच काही कळलं नाही. मग गुरुजी म्हणाले, "अरे, पक्षी डोक्यावर उभा केलात की!" फोटो उलटा लागला होता!

असे का झाले? संथ पाणी आरशाचे काम करते. पक्ष्याकडून आलेला प्रकाश पाण्यावरून परत फिरतो आणि आपल्या डोळ्यांत येतो. डोळ्यांना वाटते, तो पाण्याखालूनच सरळ आला. म्हणून पक्षी पाण्याच्या वर जेवढा, तेवढाच खाली उलटा दिसतो. शेकाट्याचे लाल काटकुळे पाय तर दुप्पट लांब वाटतात. खरे पाय कुठे संपले तेच कळत नाही.

पाण्यावर सरळ वरून पडलेल्या १०० भाग प्रकाशापैकी सुमारे २ भागच परत फिरतात. बाकीचा पाण्यात शिरतो. प्रकाश खूप तिरपा पडला तर पुष्कळ जास्त परत येतो. म्हणून फोटो काढणारे काठावर पालथे पडून कॅमेरा पाण्यालगत धरतात.

खरा पक्षी ओळखण्याच्या खुणा :

१) प्रतिबिंब थोडे काळपट असते.
२) पाणी हलले की प्रतिबिंब मोडते.
३) कॅमेरा उंचावर असेल तर खऱ्या पक्ष्याची पाठ दिसते, प्रतिबिंबात मात्र पोट!

घरी करून पाहा. काळ्या तव्यात पाणी ओता. मधे खेळण्यातला बैल उभा करा. जरा वाकून तिरपे बघा. वर बैलाची पाठ दिसेल, पाण्यात त्याचं पोट.

आता महत्त्वाचे. शेततळ्यात आभाळ छान दिसते तेव्हा तळ दिसत नाही. पाणी किती खोल, काही समजत नाही. आणि तळ दिसला तरी डोळे फसतात. पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे वरून पाहिल्यास ४ फूट पाणी ३ फूटच वाटते. म्हणून नुसते बघून कुणी पाण्यात उतरू नका. पालकांनीही लहान भावंडांना हे सांगावे.

फोटोत फसलो तर हसू येते. पाण्यात फसायचं नाही!

— इयत्ता सातवी