स्लॅबचा माल किती पातळ असावा?

सावली तालुक्यात धानाची मळणी उरकली की घरकुलांची कामं सुरू होतात. घरावर आपलंही नाव असतं, पण स्लॅब टाकायच्या दिवशी आपण चुलीपाशी. आमच्या गटातल्या एका ताईचा स्लॅब पहिल्याच पावसात गळला. सिमेंट कमी नव्हतं, पाणी जास्त झालं होतं.

माल पातळ असला की पसरवायला सोपा जातो, म्हणून पाणी वाढवलं जातं. पण जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि आत बारीक भोकं उरतात. तिथून पाणी झिरपतं, सळाख गंजते. माल फार घट्ट असला तरी तो सळाखींखाली पोचत नाही, पोकळ्या राहतात.

मग बरोबर माल ओळखायचा कसा? त्यासाठी स्लंप चाचणी आहे. पत्र्याचा, दोन्हीकडून उघडा साचा लागतो: उंची 30 सेंटीमीटर, खालचं तोंड 20, वरचं 10. साचा आतून ओला करून सपाट लोखंडी पत्र्यावर घट्ट धरा. मिक्सरमधला ताजा माल थराथराने भरा. प्रत्येक थर 16 मिलिमीटरच्या सळाखीने 25 वेळा ठासा. वरून सपाट करा आणि साचा सरळ, हळू वर उचला. माल थोडा खाली बसेल. साचा शेजारी ठेवा, त्यावर सळाख आडवी धरा आणि माल किती बसला ते पट्टीने मोजा.

घराच्या स्लॅबला साधारण 5 ते 10 सेंटीमीटर बसणं ठीक. शेणाच्या पोवासारखा पसरला, तर पाणी जास्त. एका बाजूने घसरला, तर चाचणी पुन्हा करा.

एका गोणीला, म्हणजे 50 किलो सिमेंटला, 30 लिटरच्या वर पाणी नको. रेती ओली असेल तर त्याहून कमी. पाइप न सोडता बादलीने मोजून घाला. माल घट्टच वाटला तर नुसतं पाणी वाढवू नका, त्यासोबत सिमेंटही वाढवायला सांगा.

आम्ही सुचवतो, ग्रामसंघाने एक साचा वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावा आणि पहिल्यांदा घरकुलाच्या अभियंत्यांसमोर चाचणी करावी. मिस्त्रीदादांशी भांडायची गरज नाही. "दादा, एकदा मोजून पाहू," एवढंच म्हणा. माल ओतण्याआधी दहा मिनिटं थांबता येतं, स्लॅब पडल्यावर नाही.