तुटक्या खडूंची रंगीत खिडकी

परीक्षा आटोपल्या, दप्तरं खुंटीला लागली. आता एक काम करा. मुलांचं दप्तर उलटं करून झटका. पेन्सिलींचे तुकडे पडतील, चिंचोके पडतील आणि तळाशी रंगीत खडूंचे तुकडे निघतील, बोटाच्या पेराएवढे. पांढरा तेवढा अख्खा असतो, कारण पांढऱ्या कागदावर पांढरा खडू कोण वापरणार? हे तुकडे आपण केरात टाकतो. आमच्या बचत गटात गेली तीन वर्षं आम्ही ते टाकत नाही. त्यांची खिडकीत टांगायची रंगीत चित्रं करतो. ती कशी करायची ते आज सांगणार आहोत, आणि त्यात आम्ही कुठे तोंडावर आपटलो तेही सांगणार आहोत.

आधी खडू ओळखायला शिका. मुलांच्या पेटीत तीन जातींचे खडू एकत्र पडलेले असतात. मेणाचा खडू नखाने खरवडला की त्याची कोरडी सालपटं निघतात. तोच आपल्याला हवा. ऑइल पेस्टल बोटाला लोण्यासारखं लागतं. ते कागदात नीट घट्ट होत नाही, चिकट राहतं. तिसरे प्लास्टिकचे क्रेयॉन, ते सहजी तुटत नाहीत आणि आपल्या इस्त्रीच्या उबेला वितळतही नाहीत. ते मुलांना परत द्या.

मेणामुळे कागदातून उजेड कसा येतो, हे आम्हाला एका मावशींनी एका वाक्यात समजावलं. भजी बांधून आणलेल्या कागदावर तेलाचा डाग पडतो तेव्हा त्या डागातून पलीकडचं दिसतं की नाही? तेच हे. कागदाच्या धाग्यांमध्ये हवा असते, त्या बारीक फटींत उजेड इकडेतिकडे विखुरतो. फटी तेलाने किंवा मेणाने भरल्या की उजेड सरळ पलीकडे जातो. मेणात रंग असेल तर उजेड रंगीत होऊन येतो.

आता कृती. खडूंना चिकटलेला कागद निघत नसेल तर ते कोमट पाण्यात थोडा वेळ भिजत घाला, साल आपोआप सुटते. पुसून पूर्ण कोरडे करा. मग शार्पनरने किंवा जुन्या किसणीने त्यांचा कीस करा. किसणी जुनीच घ्या आणि ती पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका, खडूचा रंग खोबऱ्यात नको. चित्रकलेच्या दुकानात मिळणारा पातळ बटर पेपर आणा. बेकरीवाले वापरतात तो नव्हे. त्यातल्या बऱ्याच कागदांना असा लेप असतो की मेण चिकटतच नाही, गार झालं की पापुद्र्यासारखं सुटून येतं.

बटर पेपरची एक बाजू पसरून तिच्यावर कीस भुरभुरा. पोह्यांवर खोबरं घालतो तेवढाच, मधूनमधून कागद दिसला पाहिजे. नवशिक्या बायका इथेच चुकतात, पुरणपोळीत पुरण भरावं तसा कीस भरतात. मग तो वितळला की चारही बाजूंनी बाहेर येतो. दुसरी बाजू वर दुमडून घ्या. खाली जुन्या वर्तमानपत्राची जाड घडी, वरूनही एक कागद. पण बटर पेपरला लागून कोरा कागद ठेवा, नाहीतर बातम्यांची शाई चित्रावर उतरते. इस्त्री सर्वांत कमी उष्णतेवर, रेशमाच्या खुणेवर ठेवा. दाबायची आणि उचलायची. घासायची नाही, घासली की सगळे रंग एका दिशेला ओढले जातात. चार-पाच अंक मोजेपर्यंत दाबा, उचलून बघा, लागलं तर पुन्हा दाबा.

वीज नसेल तर? आपल्या आज्या तांब्यात निखारे घालून कपड्यांना इस्त्री करायच्या. आम्ही निखारे घेत नाही. सपाट बुडाच्या स्टीलच्या डब्यात उकळतं पाणी अर्ध्यापर्यंत भरतो, झाकण घट्ट लावतो आणि फडक्याने धरून तो कागदावर दाबतो. वेळ जास्त लागतो, पण काम होतं. इस्त्री असो की डबा, तो मोठ्या माणसानेच हातात धरायचा. मुलांनी कीस पसरायचा.

एक गोष्ट मात्र कोणी करू नका. खडू वाटीत घालून थेट गॅसवर वितळवू नका. मेण फार तापलं की पेट घेतं आणि पेटलेल्या मेणावर पाणी ओतलं तर भडका उडतो. तसं झालंच तर गॅस बंद करून वर घट्ट झाकण टाकायचं, भांडं हलवायचं नाही.

रंगांबद्दल आमचं मत ऐका. एका चित्रात दोन किंवा तीनच रंग घ्या. पिवळा आणि लाल शेजारी टाकले तर मध्ये केशरी तयार होतो, पिवळ्या-निळ्यातून हिरवा. पण मुलांचं मन मोडवत नाही म्हणून सगळे रंग घातले की हाती शेणकाला येतो. आणि तो पडून राहिलेला पांढरा खडू इथे कामाला येतो. त्याचा कीस मधूनमधून टाकला की दुधाळ उजेड येतो आणि बाकीचे रंग उठून दिसतात.

कागद गार झाला की कात्रीने पतंग, आंबा, मासा, काय हवं ते कापा. कडेला आणि मधून काळ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवा. या पट्ट्या आम्ही आधी लावत नव्हतो. मुंबईला प्रदर्शनासाठी गेलो होतो तेव्हा विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरच्या इमारतीतल्या रंगीत काचा पाहिल्या. ती इमारत १८७८ सालची. तसल्या खिडक्यांत रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडतात, आणि उजेडासमोर त्या पट्ट्या काळ्या दिसतात म्हणून मधला रंग जास्तच पेटतो. घरी आल्यावर काळ्या पट्ट्या लावून पाहिल्या आणि फरक लगेच कळला. काळा कागद नसेल तर जुन्या लग्नपत्रिकेचा गडद पुठ्ठा चालतो. आपल्या खिडक्यांना बऱ्याचदा काच नसते, गजच असतात. म्हणून चिकटवण्यापेक्षा दोऱ्याने गजाला टांगा. खालच्या टोकाला एखादा मणी बांधा, म्हणजे वाऱ्याने चित्र उलटंपालटं होत नाही.

आता आमची फजिती. पहिल्याच वर्षी दिवाळीला तालुक्याच्या एका दुकानदाराने ६० चित्रं मागितली, ३० रुपयाला एक. कल्पना आमच्यातल्या एका ताईंची, ऑर्डरही त्यांनीच आणली. बैठकीत ठराव करून गटाच्या बचतीतून ६४० रुपये सामानाला दिले. रात्री जागून चित्रं केली. दुकानदाराने ती पश्चिमेच्या काचेला लावली आणि मागे पिवळ्या दिव्यांची माळ सोडली. चौथ्या दिवशी निरोप आला. रंग कागदातून ओघळून खाली जमले होते, काही चित्रांचं मेण काचेवर आणि मागच्या पांढऱ्या पडद्यावर उतरलं होतं. सगळा माल परत आला, पैसे नाहीत, वर पडदा धुण्याचा खर्च. दुकानदाराचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. उन्हाला लावू नका हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं, कारण आम्हालाच ठाऊक नव्हतं.

हे मेण साधारण ४० अंशांना मऊ पडायला लागतं आणि ५५ ते ६५ अंशांच्या दरम्यान वितळतं. बाहेर हवा ३२ अंश असली तरी उन्हातली बंद काच आणि तिच्यामागचा दिवा मिळून मेणाला पुरेसे होतात.

ताई म्हणाल्या, ६४० रुपये मी भरते. बैठकीने नाही म्हटलं, ठराव सगळ्यांचा होता. तरी त्या पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. तिसऱ्या महिन्यात आम्ही पाच जणी त्यांच्या घरी गेलो. त्या चहा करायला आत वळल्या आणि आमचं लक्ष खिडकीकडे गेलं. त्याच खेपेतलं एक चित्र तिथे टांगलेलं होतं, निळा-हिरवा मोर. एक थेंब ओघळला नव्हता. खिडकी उत्तरेची, बाहेर कडुलिंब. उजेड भरपूर, पण ऊन अंगावर येत नाही. चहा थंड होईपर्यंत आम्ही त्या खिडकीपाशीच उभ्या राहिलो होतो. पुढच्या बैठकीला ताई आल्या, आणि आता हे काम शिकवतात त्याच.

तेव्हापासून आम्ही ही चित्रं पैसे घेऊन विकत नाही. टिकण्याची हमी देता येत नाही असा माल गटाच्या नावाने द्यायचा नाही, असं इतिवृत्तात लिहून ठेवलं आहे. सुट्टीत मुलांना गोळा करून शिकवतो, तेवढंच. घरी करणार असाल तर आधी एक दिवस खिडकीवर लक्ष ठेवा. ऊन थेट पडत असेल तर तिथे चित्र नको. आकाशकंदिलाला लावायचं असेल तर आत गरम न होणारा एलईडी दिवा घाला, पणती किंवा जुना पिवळा बल्ब अजिबात नको. कपड्यावर मेण सांडलंच तर वाळल्यावर खरवडा, वरखाली कोरा टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. मेण कागदात येईल, रंगाचा डाग मात्र थोडा राहतोच.

उरलेला कीस डब्यात घालून माठाजवळ गार जागी ठेवा. पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका. गेल्या मे महिन्यात आम्ही ठेवला आणि सगळ्याचा एकच गोळा झाला. तो अंगणवाडीत दिला. तिथली पोरं तो मुठीत धरून एकाच रेघेत सात रंग काढतात.