न पटणाऱ्यांचंही ऐकणारा लेखक : जेम्स बाल्डविन

माल्कम एक्स आपल्याला माहीत आहेत. त्यांचे मित्र जेम्स बाल्डविन मात्र आपल्याकडे फारसे वाचले जात नाहीत. 1924 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्मलेले बाल्डविन चौदाव्या वर्षीच चर्चमध्ये प्रवचन देत. पुढे चर्च सुटलं. वर्णद्वेषाला कंटाळून 1948 मध्ये ते पॅरिसला गेले. साठच्या दशकात इस्तंबूलमध्येही राहिले.

1961 मध्ये 'नेशन ऑफ इस्लाम'चे प्रमुख एलिजा मुहम्मद यांनी त्यांना शिकागोत जेवायला बोलावलं. 'गोरे म्हणजे सैतान' ही त्यांची शिकवण बाल्डविन यांना पटली नाही. इस्लामलाही ती मान्य नाही. हजनंतर माल्कम यांनीही ती नाकारली. तरीही 'द फायर नेक्स्ट टाइम' (1963) या पुस्तकात बाल्डविन यांनी मान्य केलं, की तुरुंगातून सुटलेल्यांना, दारू-ड्रग्जमध्ये बुडालेल्यांना या संघटनेनं सावरलं.

पुढे हॉलिवूडसाठी त्यांनी माल्कम यांच्यावर पटकथा लिहिली. स्टुडिओला बदल हवे होते. ते बाहेर पडले आणि 1972 मध्ये ती पुस्तकरूपात आणली. सिनेमात काळ्यांचं चित्रण कसं होतं, यावर 1976 मध्ये वेगळं पुस्तक लिहिलं. 1987 मध्ये फ्रान्समध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्याबद्दल लिहिणाऱ्यांकडून आपण हाच इन्साफ मागतो. इतरांबद्दल बोलताना तो आपणही करायला हवा.