कासवाचा खटला जिंकलो, तरी कोळंबी का अडली?

जेटीवर कोळंबीच्या भावाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "अमेरिका आपली समुद्रातली कोळंबी घेत नाही." लगेच दुसरा विचारतो, "पण तो कासवाचा खटला तर भारत जिंकला होता ना?" दोघंही खरं बोलतात. मग गाडं अडलं कुठे?

सुरुवात जाळ्यापासून करू. ट्रॉलच्या जाळ्यात, मासळी साठते त्या शेवटच्या पिशवीच्या अलीकडे, एक तिरकी जाळीदार चौकट बसवतात. तिच्या दांड्यांतून कोळंबी मागे निघून जाते. कासव मात्र दांड्यांवर आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडतं. हेच ते 'टेड'. गंमत म्हणजे याचं मूळ कासवात नाहीच. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातले कोळंबी पकडणारे सिंकी बून यांनी १९६० च्या दशकात अशी चौकट केली ती जाळं भरून टाकणाऱ्या जेलीफिशला वैतागून. कासवांसाठी तिचा वापर पुढे सुरू झाला.

१९८७ मध्ये अमेरिकन सरकारने आपल्याच कोळंबी ट्रॉलरना टेड लावायचा नियम केला. तिथल्या मच्छीमारांना तो मुळीच पटला नाही. कोळंबी निसटते, खर्च वाढतो, ही त्यांची तक्रार. १९८९ च्या जुलैत टेक्सास-लुइझियानाकडच्या बोटवाल्यांनी बोटी आडव्या लावून जलमार्गच अडवले. आपल्याकडे असं काही झालं तर कसं होईल, डोळ्यांसमोर आणा! नियम टळत नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरं मागितलं: आम्हाला टेड, तर आमच्या बाजारात माल विकणाऱ्या परदेशी बोटींनाही टेड. त्याच वर्षी कायदा आला, कलम ६०९. कासवांचं रक्षण न करणाऱ्या देशाची समुद्रात पकडलेली कोळंबी अमेरिकेत येणार नाही. म्हणजे या कायद्यात कासवाची काळजी आहे आणि धंद्याची चढाओढही. दोन्ही धागे एकत्र विणलेले आहेत, वेगळे काढता येत नाहीत.

आधी हा कायदा कॅरिबियन आणि पश्चिम अटलांटिकच्या १४ देशांपुरता ठेवला होता. त्यांना तयारीला तीन वर्षं मिळाली, शिवाय तंत्र शिकवायला माणसं मिळाली. मग पर्यावरणवाद्यांच्या दाव्यावर १९९५ च्या डिसेंबरअखेर तिथल्या न्यायालयाने आदेश दिला: १ मे १९९६ पासून सगळ्या जगाला लावा. आपल्या हाती उरले चार महिने. भारत, पाकिस्तान, थायलंड आणि मलेशिया हे चार देश मिळून जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. भारत आणि पाकिस्तान एकाच बाकावर, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

१२ ऑक्टोबर १९९८ ला अपील मंडळाचा निकाल आला. अमेरिका हरली. पण कशावर हरली, ते नीट वाचायला हवं. संपत चाललेलं नैसर्गिक धन राखण्यासाठी आयात अडवता येते आणि समुद्री कासव त्यात बसतं, हे मंडळाने मान्य केलं. कायदा चुकीचा ठरला नाही. चुकीची ठरली तो राबवायची रीत. एकाला तीन वर्षं, दुसऱ्याला चार महिने, हा दुजाभाव झाला. अमेरिका खंडातल्या देशांशी कासवांचा करार करायला बोलणी केली, आशियाशी तशी गंभीर बोलणी केलीच नाहीत. प्रत्येक देशाची परिस्थिती न बघता जवळजवळ आपलाच नमुना लादला. एवढंच काय, टेड लावून पकडलेली कोळंबीसुद्धा देशाला मान्यता नाही म्हणून नाकारली, यावरही मंडळाने बोट ठेवलं.

आपल्याकडे बातमी पोचली ती फक्त 'अमेरिका हरली' एवढीच. अमेरिकेने कायदा ठेवला आणि १९९९ मध्ये नियमावली सुधारली: हुबेहूब आमचं टेड नको, तितकंच परिणामकारक काही असेल तरी चालेल. मलेशिया पुन्हा भांडायला गेला आणि २००१ मध्ये हरला.

आता आजचं. २०१८ पासून भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी अमेरिकेत जात नाही. तळ्यात वाढवलेली जाते, म्हणून आंध्रची वनामी तिथे पोचते आणि आपली राहते. यंत्राने न ओढता हाताने ओढलेल्या जाळ्यांनाही नियमात सूट आहे. पण निर्यातीचा माल गोळा होताना कुठली कोळंबी कशाने पकडली, हे वेगळं ठेवणार कोण? खरी झळ ट्रॉलरमालकाला. एक मोठं गिऱ्हाईक बाजारात नसलं की उरलेल्यांशी घासाघीस करताना आपला हात खाली राहतो.

एकट्या मालकाने स्वखर्चाने टेड बसवून हे सुटत नाही. मान्यता देशाला मिळते. त्यासाठी सरकारचा नियम, तपासणी, दंड, सगळं दिसावं लागतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांसाठी टेड तयार केलं आहे. कोळंबी आणि त्यासोबत येणारी मोठी मासळी निसटेल ही भीती खोटी नाही. कोळंबीच्या ट्रॉलमध्ये मिळालेल्या मोठ्या मासळीवरही इथे घर चालतं. म्हणून चाचणी आपल्या पाण्यात, आपल्या तांडेलांसमोर व्हायला हवी, किती गेलं ते वजनकाट्यावर दिसायला हवं.

आणि कासव काही परकं नाही. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे ते अंडी घालायला येतं हे आपल्या पोरांनाही ठाऊक आहे.

वाटाघाटीला बसताना १९९८ चा निकाल हातात असू द्यावा. मुदत मागा, तंत्र मागा, जाळ्यानुसार फरक मागा. या तिन्ही गोष्टींना त्यात आधार आहे. पुन्हा खटला भरू असं कोणी म्हणालं तर एवढं सांगा: नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने रोखल्यामुळे ते अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडलंय. ज्या दारात तेव्हा न्याय मिळाला, तिथे आज कुलूप आहे.