युद्ध गाणारा मुलूख : उदगीर, नांदेड आणि स्टालिनग्राड

स्वीडनमध्ये फालुन नावाचे तांब्याच्या खाणीसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. १९९९ साली तिथे 'सॅबॅटन' हा बँड सुरू झाला. हा बँड 'पॉवर मेटल' या प्रकारात गातो. यात गिटारचा घनगर्जनेसारखा आवाज असतो, दोन्ही पायांनी वेगात वाजवलेले ढोल असतात, मुख्य गायक जोरकस आवाजात गातो आणि हजारो श्रोते एका सुरात पालुपद उचलून धरतात. सॅबॅटनचा विषय जवळजवळ एकच, तो म्हणजे इतिहासातली युद्धे. 'द ग्रेट वॉर' (२०१९) आणि 'द वॉर टू एंड ऑल वॉर्स' (२०२२) हे त्यांचे दोन अख्खे अल्बम पहिल्या महायुद्धावर आहेत. २०२५ मध्ये आलेल्या 'लेजंड्स'मध्ये ज्युलियस सीझर, जोन ऑफ आर्क यांच्यासारख्या योद्ध्यांची गाणी आहेत. २००५ च्या 'प्रिमो व्हिक्टोरिया' या अल्बममधले एक गाणे स्टालिनग्राडच्या लढाईवर आहे.

याच स्टालिनग्राडवर त्याआधी ६२ वर्षे मराठीत एक रणगीत रचले गेले होते आणि तेही डफ-तुणतुण्यावर. ते रचणाऱ्या शाहिराने पुढे हैदराबादच्या निजामाच्या राज्यातल्या लढ्यावरही पोवाडा लिहिला. आजचे नांदेड आणि लातूर तेव्हा त्याच राज्यात होते. युद्ध गाण्यातून सांगायची कला या मुलखात तीन वाटांनी आली. पहिली वाट पोवाड्याची, दुसरी नांदेडच्या शीख परंपरेतल्या 'वारे'ची आणि तिसरी हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या गाण्यांची. या तिन्ही वाटा एकत्र मांडून पाहिल्या तर आपल्या दाराशी किती मोठा ठेवा आहे ते कळते.

मुंबईच्या चाळीतून व्होल्गाच्या काठी

स्टालिनग्राडची लढाई जुलै १९४२ मध्ये सुरू झाली आणि २ फेब्रुवारी १९४३ रोजी जर्मन सैन्याच्या शरणागतीने संपली. घराघरातून आणि कारखान्या-कारखान्यातून झालेल्या या लढाईने दुसऱ्या महायुद्धाचे पारडे फिरवले. त्याच वर्षी मुंबईत अण्णाभाऊ साठे यांनी 'स्टालिनग्राडचा पोवाडा' लिहिला. वाटेगावात जन्मलेले (१ ऑगस्ट १९२०), शाळेचे तोंड जेमतेम दीड दिवस पाहिलेले आणि मुंबईत मिळेल ते काम करून जगणारे अण्णाभाऊ व्होल्गाकाठच्या लढाईचे वर्णन ज्या थाटात करतात, तो सिंहगडाच्या पोवाड्याचाच थाट आहे. पुढे त्यांनी बर्लिनच्या पाडावावरही पोवाडा रचला.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी 'लाल बावटा कलापथक' उभे केले. अमर शेख बार्शीचे. बार्शीहून लातूरला जाणारी नॅरो गेज रेल्वे त्या काळी या भागाची नाळ होती. लातूरचा माल आणि लातूरची माणसे याच गाडीने बाहेर पडत. अण्णाभाऊंच्या पोवाड्यांतच 'तेलंगणचा संग्राम' आहे. निजामी राजवटीतल्या शेतकऱ्यांचा हा लढा नांदेडला लागून असलेल्या तेलंगणात चालला होता.

स्टालिनग्राडच्या पोवाड्याचा रशियन भाषेत अनुवाद झाला. १९६१ मध्ये अण्णाभाऊ स्वतः सोव्हिएत संघात जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक त्यांनी लिहिले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. परक्या देशाने आपल्या लढाईच्या शाहिराची अशी आठवण ठेवावी, हा मान मराठी पोवाड्याला मिळाला आहे.

पोवाडा कसा उभा राहतो

पोवाड्याची बांधणी साधी वाटते, पण ती फार विचाराने घडलेली आहे. सुरुवातीला नमन येते. मग कथा 'चौका-चौकां'त पुढे सरकते. एक चौक म्हणजे कथेचा एक टप्पा: सैन्याची जमवाजमव, वाटचाल, गाठ पडणे, झुंज, शेवट. चौकांच्या मधे शाहीर गाणे थांबवून गद्यात बोलतो, श्रोत्यांना प्रसंग समजावतो, तारीख-ठिकाण सांगतो आणि पुन्हा चाल उचलतो. मागे उभे असलेले झीलकरी 'जी जी जी'ची साथ धरतात. या झिलीमुळे मुख्य शाहिराला दम घ्यायला उसंत मिळते आणि ऐकणाऱ्यांचा ठेका सुटत नाही. सॅबॅटनच्या गाण्यात हजारोंचा जमाव पालुपद म्हणतो तेव्हा हेच काम होत असते.

वाद्ये मोजकी असतात. तुणतुण्याची एकच तार सूर धरून ठेवते, झांज लय पक्की करते आणि डफ कथेला थाप देतो. मराठवाड्यात या मेळात हलगीला वेगळा मान आहे. हलगीच्या कड्यावर कातडे ताणलेले असते. हवेत ओल असली की ते सैल पडते आणि आवाज बसतो. म्हणून वाजवायच्या आधी कलावंत पालापाचोळा किंवा कागद पेटवतात, हलगी त्या धगीवर फिरवतात आणि मधूनमधून बोटाने टिचकी मारून कान देतात. टिचकीचा आवाज खणखणीत आला की हलगी तापली. मग एका हातात आखूड टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक लांब काडी घेऊन ठेका सुरू होतो. टिपरू घुमारा काढते आणि काडी कडकडाट करते. दोन्ही एकत्र आले की मैलभरावर ऐकू जाते. विजेवर चालणारे ध्वनिवर्धक नव्हते त्या काळात गावभर लोकांना गोळा करण्याची ही खात्रीची सोय होती.

शत्रू, मित्र आणि पराभव

आज उपलब्ध असलेल्या पोवाड्यांत अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा सर्वांत जुन्यांपैकी मानला जातो. ती घटना १६५९ ची. तानाजी मालुसऱ्यांच्या सिंहगडावरचा तुळशीदासाचा पोवाडा १६७० च्या लढाईचा. हे पोवाडे गाणाऱ्यांत गोंधळी मोठ्या संख्येने होते. त्यांचे आराध्यदैवत तुळजाभवानी, आणि तुळजापूर लातूरच्या शेजारच्या धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात. लातूर जिल्हाही १९८२ मध्ये याच जिल्ह्यातून वेगळा झाला. देवीच्या गोंधळातले संबळ आणि तुणतुणे घेऊन हीच मंडळी रणाच्या कथाही सांगत.

लातूर जिल्ह्यातले उदगीर मराठ्यांच्या इतिहासात एका मोठ्या विजयासाठी प्रसिद्ध आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवराव भाऊंच्या सैन्याने निजामाला इथे नमवले. या मोहिमेत इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी आणि तोफखाना मराठ्यांच्या बाजूने होता. दौलताबाद, अशीरगड, विजापूर, अहमदनगर अशी ठिकाणे आणि ६० लाखांचा मुलूख निजामाला सोडावा लागला. भाऊ तिथून परतूरमार्गे उत्तरेला निघाले आणि वर्षही पुरे होण्याआधी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत घडले. इब्राहिमखान तिथे पकडला गेला आणि मारला गेला.

इथे रणगीतांचा एक गुण ठळक दिसतो. शाहिरांनी विजय गायले, तसेच पराभवही गायले. खर्ड्याच्या लढाईवर (११ मार्च १७९५) अनंत फंदींचा पोवाडा आहे, तसे पानिपतावरही पोवाडे आहेत. सॅबॅटननेही पहिल्या महायुद्धात पासशेंडेलच्या चिखलात वाया गेलेल्या सैनिकांवर आणि जपानमध्ये शिरोयामाला शेवटपर्यंत लढलेल्या सामुराईंवर गाणी केली आहेत. हरलेल्या लढाईचे गाणे लोक जास्त जपतात, कारण त्यात आपल्या घरातले माणूस गेलेले असते. दरबारी बखर हार सांगताना कारणे शोधते. शाहीर मात्र कोण कुठे पडला ते सांगतो.

हे गाणे छापील रूपात आले ते मात्र फार उशिरा. महात्मा फुले यांनी १८६९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांवर पोवाडा रचून छापला. एच. ए. अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये जुन्या पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. य. न. केळकर यांच्या 'ऐतिहासिक पोवाडे'चा पहिला भाग १९२८ मध्ये आला. या संग्राहकांनी जुने पोवाडे जमवले नसते तर आज आपल्या हाती फार थोडे उरले असते.

गोदाकाठची वार

नांदेडमध्ये रणगीताची दुसरी परंपरा नांदते. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला आले आणि त्याच वर्षी इथेच त्यांनी देह ठेवला. शीख धर्माच्या पाच तख्तांपैकी एक असलेले तख्त सचखंड हुजूर साहिब इथे आहे. त्याची आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ दरम्यान, उभी राहिली. गुरूंची शस्त्रे इथे जपून ठेवलेली आहेत आणि संगतीला त्यांचे दर्शन घडवले जाते. दसरा आणि होळीला निघणाऱ्या 'हल्ला महल्ला' मिरवणुकीत निशाणामागे शस्त्रधारी शिखांचा जथा धावतो. नांदेडकरांना हा थरार पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे.

शिखांच्या रणगीताला 'वार' म्हणतात आणि ती गाणाऱ्याला 'ढाडी'. गुरू हरगोविंद यांनी १६०६ नंतर अकाल तख्तावर वीरगाथा गाण्याची प्रथा रुजवली. ढाडींचा जथा साधारण तीन-चार जणांचा असतो. दोघांच्या हातात डमरूच्या घाटाचे ढड असतात, एकजण सारंगी वाजवतो आणि एकजण कथा सांगतो. गाणे, मधे कथन आणि पुन्हा गाणे, असा हा क्रम आहे. पोवाड्याच्या चौकाशी त्याची रचना थेट जुळते, आणि इतक्या दूरच्या दोन भाषांत ती अशी सारखी असावी ही खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे.

त्याहून नवल पुढेच आहे. गुरू ग्रंथ साहिबात २२ वारा आहेत. त्यांतल्या ९ वारा कोणत्या चालीत गायच्या ते ग्रंथातच सांगितलेले आहे, आणि त्या चाली तेव्हाच्या लोकप्रिय वीरगाथांच्या आहेत. रोज पहाटे गुरुद्वाऱ्यांत गायली जाणारी 'आसा दी वार' असराज नावाच्या राजपुत्राच्या वीरगाथेच्या चालीवर बांधलेली आहे. हुजूर साहिबला गुरू ग्रंथ साहिबाबरोबर दसम ग्रंथाचेही पठण होते. दसम ग्रंथातल्या 'चंडी दी वार' या रचनेत देवीच्या युद्धाचे वर्णन आहे. शीख अरदास, म्हणजे रोजची सामुदायिक प्रार्थना, सुरू होते ती याच वारेच्या पहिल्या कडव्याने. रणगीताची चाल भक्तीला मिळाली आणि रणगीताचे नमन प्रार्थनेचे नमन झाले. युद्धाचे गाणे इतक्या उंचीवर गेल्याची दुसरी उदाहरणे जगात फार थोडी सापडतील.

गाणे हाच लढा

तिसरी वाट सर्वांत जवळची. निजामाच्या राज्यात राजकीय सभांवर निर्बंध होते. त्यामुळे विचार पोचवण्याचे काम भजने, कीर्तने, गणेशोत्सवातले मेळे आणि प्रभातफेऱ्या यांनी केले. १९३८ मध्ये तर एका गाण्यावरूनच लढा पेटला. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत आणि औरंगाबादच्या महाविद्यालयात 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनी संप केला आणि त्यांना काढून टाकण्यात आले. अनेकांनी नागपूरला जाऊन शिक्षण पुरे केले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक.

त्यानंतरचे दशक नांदेड-लातूरसाठी प्रत्यक्ष रणाचे होते. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करत असे. १९४६ मध्ये बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे हुतात्मा झाले. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीच्या बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी धाड घातली. उदगीरजवळच्या हत्तीबेटावरून शेतकऱ्यांच्या दलाने रझाकारांशी झुंज दिली. अखेर १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. या साऱ्या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आज नांदेडच्या विद्यापीठाला आहे.

या दिवसांत गावोगाव गाणी रचली गेली. कुणी ती पोवाड्याच्या चालीवर बांधली, कुणी भजनाच्या, तर जात्यावरच्या बायांनी ओवीत बसवली. मोठ्या नेत्यांचे चरित्र पुस्तकांत आले, पण भूमिगतांना रात्री भाकरी पोचवणारी बाई, निरोप घेऊन रान तुडवणारा पोऱ्या, जळालेले घर आणि त्या घराचा धनी यांची नावे पुष्कळदा गाण्यातच आहेत.

सॅबॅटनने २०१९ पासून आपल्या गाण्यांमागचा इतिहास इतिहासकाराच्या मदतीने सांगायला सुरुवात केली. गाण्याच्या वाटेने इतिहास मनात शिरतो, हे शाहिरांना पूर्वीपासून ठाऊक होते. आता ते जपण्याची वेळ आपली आहे. १९४८ मध्ये बारा-तेरा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. नांदेड आणि लातूरच्या प्रत्येक वाचकाला विनंती आहे, आपल्या घरातल्या, गल्लीतल्या, आजोळच्या म्हाताऱ्या माणसापाशी बसा, त्या काळचे गाणे आठवते का ते विचारा आणि मोबाइलवर ते टिपून घ्या. सोबत गाणाऱ्याचे नाव, गाव, चाल आणि कुणाकडून ऐकले ते लिहून ठेवा. शब्द अर्धवट आठवले तरी चालतील. शाळा-महाविद्यालयांनी १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनानंतर हेच काम मुलांना द्यावे. अ‍ॅकवर्थ-शाळिग्रामांनी कष्टाने जे काम केले, ते आज खिशातल्या फोनवर होऊ शकते. फक्त ते याच काही वर्षांत व्हायला हवे.