एक पुस्तक, सात लेखक आणि एक रंगारी

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मी एका प्रयोगशाळेत दोन महिने रोज सकाळपासून रात्रीपर्यंत नमुने तयार करत बसले होते. पुढे त्या कामावर पेपर आला. लेखकांच्या यादीत माझं नाव नव्हतं. शेवटी आभारात 'इतर विद्यार्थी' असे दोन शब्द होते, त्या 'इतर'मध्ये मी. राग यायचा तेवढा आला आणि गेलाही, पण एक सवय लागली. अनेकांनी मिळून केलेला कुठलाही मजकूर हातात आला की मी आधी विचारते, हे नेमकं कुणी लिहिलंय?

संशोधनात या प्रश्नासाठी चक्क एक पद्धत आहे. तिला प्रोसोपोग्राफी म्हणतात. आपण समूहचरित्र म्हणू. एका माणसाचं चरित्र लिहिण्याऐवजी एका गटातल्या सगळ्यांना तेच ठरावीक प्रश्न विचारायचे आणि उत्तरं शेजारी शेजारी मांडायची. मी रसायनशास्त्रातून आल्यामुळे मला ही पद्धत लगेच पटली. शेवटी हे निरीक्षणांचं टेबलच आहे.

उदाहरण घेऊ. डिसेंबर १८८९, लंडन. 'फेबियन एसेज इन सोशलिझम' नावाचा लेखसंग्रह बाहेर पडला. तो काढणारी फेबियन सोसायटी जानेवारी १८८४ मध्ये सुरू झाली होती. नाव घेतलं रोमन सेनापती फेबियसचं. हॅनिबलशी समोरासमोर भिडायचं टाळून त्याला दमवत ठेवणारा तो सेनापती. म्हणजे क्रांती नको. कायदे, नगरपालिका, निवडणुका यांच्या वाटेने हळूहळू समाजवाद आणायचा. आजच्या भाषेत सेंटर-लेफ्ट. पहिल्या हजार प्रती बघता बघता संपल्या आणि पुढच्या वर्षी एका शिलिंगची स्वस्त आवृत्ती निघाली.

कुठल्याही पाठ्यपुस्तकात तुम्हाला 'फेबियनांचे मत असे होते' हे वाक्य सापडेल. आता एक एक्सेल शीट उघडा आणि लेखकांची नावं भरा. मग बघा त्या वाक्याचं काय होतं.

लेख आठ, लेखक सात. संपादक जॉर्ज बर्नार्ड शॉ, त्याचेच दोन लेख. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता, वर्तमानपत्रांतून संगीतावर लिहायचा, आणि ज्या नाटकांमुळे आपण त्याला ओळखतो त्यातलं एकही अजून रंगभूमीवर आलेलं नव्हतं. सिडनी वेब आणि सिडनी ऑलिव्हिए हे दोघं तिशीतले, वसाहत खात्यात सरकारी नोकर. ग्रॅहम वॉलस शिक्षक, ऑलिव्हिएचा ऑक्सफर्डपासूनचा मित्र. विल्यम क्लार्क आणि ह्यूबर्ट ब्लँड पत्रकार. आणि ४२ वर्षांच्या ॲनी बेझंट, सातांत वयाने सर्वांत मोठ्या आणि एकट्याच स्त्री.

वयाचा आणि व्यवसायाचा रकाना भरल्याबरोबर पहिली गोष्ट दिसते. कामगारांच्या भवितव्यावरच्या या पुस्तकात एकही कामगार नाही. सगळी पांढरपेशी, लिहिण्याबोलण्यावर जगणारी माणसं. पुस्तक बघण्याआधी मला हे जाणवलंच नव्हतं. पण इथेच थांबून 'म्हणजे हे सगळे दिवाणखान्यातले समाजवादी' असा निष्कर्ष काढलात तर घाई होईल. 'त्या सुमारास काय करत होते' असा आणखी एक रकाना करा. या लेखांची मूळ व्याख्यानं १८८८ च्या शरद ऋतूत झाली. त्याच वर्षी जूनमध्ये बेझंटबाईंनी ब्रायंट अँड मे या काड्यापेटीच्या कारखान्यातल्या मुलींच्या हालांवर लेख लिहिला होता, जुलैत तिथे संप झाला, आणि नोव्हेंबरमध्ये त्या लंडनच्या स्कूल बोर्डावर निवडून आल्या. बाकी सहा जणांच्या ओळीत असं काही नाही. एकच 'गट', पण अनुभव किती वेगळे!

आता मतं. शॉची गंमत बघा. मार्क्सच्या मूल्यसिद्धान्तावर १८८४ मध्ये फिलिप विकस्टीडने टीका केली, तेव्हा शॉने मार्क्सच्या बाजूने उत्तर लिहिलं. पण वाद घालता घालता त्याच्या लक्षात आलं की आपलं अर्थशास्त्र कच्चं आहे. मग तो हॅम्पस्टेडमधल्या एका अभ्यासगटात जाऊन बसायला लागला आणि शेवटी त्याने जेव्हन्सची मांडणी स्वीकारली. या पुस्तकातला त्याचा अर्थशास्त्रावरचा लेख त्या नव्या मताने लिहिलेला आहे. (व्हायव्हामध्ये परीक्षकांशी भांडायच्या तयारीत असलेल्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.)

दुसरं टोक ब्लँडचं. वेबचा भरवसा असा की समाजवाद्यांनी प्रस्थापित पक्षांत, मुख्यतः लिबरल पक्षात, शिरून आपले विचार झिरपवावेत. शेवटच्या लेखात ब्लँड म्हणतो की हे जमणार नाही, समाजवाद्यांचा वेगळा पक्ष लागेल. एकाच पुस्तकात, एकाच संस्थेच्या नावाखाली, अगदी उलट मत! आणि संपादकाने ते तसंच छापलं. १९०० मध्ये लेबर पक्षाची पायाभरणी झाली, त्यामुळे ब्लँड द्रष्टा ठरतो असं म्हणायचा मोह होतो. म्हणू नका. १८८९ चा मजकूर १८८९ मध्ये ठेवूनच वाचायचा, हा या पद्धतीतला सगळ्यात अवघड भाग.

हीच चूक आपण बेझंटबाईंबाबत हमखास करतो. आपल्याला त्या होमरूलच्या म्हणून माहीत असतात. १९१६ मध्ये एप्रिलला बेळगावात टिळकांची होमरूल लीग निघाली, सप्टेंबरमध्ये मद्रासला बाईंची. पण लेख लिहिताना त्या थिऑसॉफीच्या उंबरठ्यावर होत्या, भारत त्यांनी पाहिलेला नव्हता, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी फेबियन सोसायटी सोडली. म्हणून शीटमध्ये 'कधी सोडलं, का सोडलं' हा रकाना हवाच. क्लार्क १८९७ मध्ये बाहेर पडला, वॉलस १९०४ मध्ये, आयातकराच्या धोरणावरून. फक्त टिकून राहिलेल्यांना धरून इतिहास लिहिला तर गट होता त्यापेक्षा एकजीव वाटायला लागतो.

आणखी एक सापळा आपल्याकडचा. वेब, वॉलस आणि शॉ यांचा १८९५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स स्थापन करण्यात हात होता. डॉ. आंबेडकर तिथेच शिकले आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. यावरून 'आंबेडकरांवर फेबियन प्रभाव' असं प्रकरण प्रपोजलमध्ये टाकायला हात शिवशिवतात. संस्था एक असणं हा प्रभावाचा पुरावा नाही. त्यांचे मार्गदर्शक होते एडविन कॅनन. तुम्हाला दाखवावं लागेल ते आंबेडकरांच्या मजकुरात, वेबच्या पत्त्यावर नाही.

आता तो रंगारी. सोसायटीचं पहिलं पत्रक, 'व्हाय आर द मेनी पुअर?', १८८४ मध्ये निघालं. पत्रकांची पद्धत वेगळी होती. मसुदा सभासदांमध्ये फिरायचा, त्यावर टीका व्हायची, दुरुस्त्या व्हायच्या, आणि शेवटी ते संस्थेच्या नावाने जायचं. लेखकाचं नाव नाही. वेबने १८८७ मध्ये लिहिलेलं आकडेवारीचं पत्रकसुद्धा असंच बिननावाचं. पण वेबला पुढे नाव मिळालं, मंत्रिपद मिळालं. पहिलं पत्रक लिहिणारा डब्ल्यू. एल. फिलिप्स घरं रंगवायचं काम करायचा, त्या सुरुवातीच्या सभासदांतला एकमेव खरा कामगार. हे कळतं ते संस्थेचे चिटणीस एडवर्ड पीज यांनी १९१६ मध्ये लिहिलेल्या इतिहासातून, म्हणजे ३२ वर्षांनी.

म्हणजे मघाशी मी 'एकही कामगार नाही' म्हटलं ते पुस्तकापुरतं खरं, गटापुरतं नाही. मी यादी मुखपृष्ठावरून घेतली होती, म्हणून फिलिप्स माझ्या शीटमध्ये आलाच नव्हता. तुमच्या विषयातला एखादा गट घ्याल तेव्हा छापील नावांच्या खाली दोन-चार ओळी रिकाम्या सोडा. चिटणिसांच्या आठवणी, सभांची इतिवृत्तं, पत्रव्यवहार, आभाराची पानं वाचून त्या भरा. माझ्या शीटमध्ये फिलिप्स आता आठव्या ओळीत आहे.