चिमूटभर मिठाचे १,४०० टन

शांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ७० ठोके देतं. तासाला ४,२००, दिवसाला १,००,८००. वर्षाचा हिशेब ३ कोटी ६८ लाखांच्या घरात जातो आणि सत्तरी गाठलेल्या माणसाच्या छातीत अडीचशे कोटींहून जास्त ठोके पडून गेलेले असतात. मिनिटाला पाच लिटर धरलं तर रोज ७,२०० लिटर रक्त ढकललं जातं, तेही नुसतं बसून राहिलं तर. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत दिवसभरातल्या श्वासांचा आकडा २१,६०० दिलेला आहे. मिनिटाला पंधरा श्वास धरून आज गणित केलं तरी उत्तर तेच येतं. हाडांतल्या मज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त तांबड्या पेशी तयार होतात. एवढं वाचेपर्यंत तुमच्या शरीरात अशा काही कोटी पेशी नव्याने तयार झाल्या.

आरोग्याचा सल्ला मात्र आपल्याला एकेकाच्या हिशेबाने मिळतो. एक चमचा साखर कमी करा, एक मजला चढून जा, एक सिगारेट टाळा. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येतं की एकाने असा काय फरक पडणार? एकाने काहीच पडत नाही, हे खरंच आहे. फरक पडतो तो गुणाकाराने. समजा, रोजच्या भरभर चालण्याने एखाद्याचे विश्रांतीच्या वेळचे ठोके ७५ वरून ६५ वर आले. मिनिटाला दहा ठोके वाचले. दिवसाला ते १४,४०० होतात, वर्षाला साडेबावन्न लाख. हे आकडे मांडायला बसलं की एक गोष्ट ठळक होत जाते. प्रचंड आकडा एखाद्या दिवशीच्या संकल्पातून उभा राहत नाही, तो रोजच्या चाकोरीतून उभा राहतो. म्हणून माझ्या मते खरा प्रश्न असा आहे की आपली चाकोरी ठरवतं कोण?

याचा सगळ्यात चांगला पुरावा लंडनच्या दुमजली बसमध्ये सापडला. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीत, एकाच शहराच्या धुरात काम करत होते, घरची परिस्थितीही साधारण सारखीच. तरी कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता आणि हृदयविकाराच्या झटक्याने लगेच दगावण्याचं प्रमाण तर ड्रायव्हरांच्या जवळपास निम्मं होतं. ड्रायव्हर पाळीभर बसून असे. कंडक्टर तिकिटं फाडत खालीवर करत राही आणि दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढे.

आता हा आकडा जरा ताणून बघू. दिवसाला ६०० पायऱ्या आणि पायरीची उंची २० सेंटिमीटर धरली तर रोजची चढाई १२० मीटर झाली. वर्षात ३०० दिवस ड्युटी म्हणजे ३६ किलोमीटर, सरळ वर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर आहे, म्हणजे वर्षाला जवळपास बावीस कळसूबाई. तीस वर्षांच्या नोकरीत १,०८० किलोमीटर. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं. तो कंडक्टर निवृत्त होईपर्यंत त्या उंचीच्या अडीचपटीहून जास्त चढून गेलेला असे आणि त्याने व्यायाम म्हणून त्यातली एकही पायरी चढलेली नसे.

मॉरिस यांच्यावर आक्षेप आला तोही रास्त होता. मुळात धडधाकट असतील तेच कंडक्टर होत असतील आणि जाडसर माणसं स्टिअरिंगमागे बसत असतील, तर? मॉरिस यांनी गणवेश शिवण्यासाठी घेतलेली मापं मिळवली. ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर खरोखरच मोठी निघाली. हे त्यांनी १९५६ साली स्वतःच जाहीर केलं. पण सारख्या अंगकाठीच्या माणसांची तुलना केली तरी कंडक्टरचं पारडं जड राहिलं. शिंप्याच्या मापांतून साथरोगशास्त्राचा प्रश्न सोडवणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. 

आठवड्याला १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, एवढीच जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा आहे. आठवड्यात १०,०८० मिनिटं असतात. म्हणजे दीड टक्का वेळ, दिवसाला बावीस मिनिटांच्या आत. तरीही २०२४ मध्ये आलेल्या जागतिक पाहणीनुसार भारतातले ४९.४ टक्के प्रौढ तेवढंही हलत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे, बायकांत ५७. हा आकडा वाचून कुणी बायकांना आळशी म्हणत असेल तर त्याने आधी सकाळच्या डब्यांपासून रात्रीच्या ओट्यापर्यंतचा त्यांचा दिवस बघावा. ही माणसं दमलेली असतात, पण श्वास वाढेल असं चालायला त्यांच्याकडे ना सलग वेळ असतो, ना सुरक्षित फुटपाथ.

सारख्याच वजनाची दोन शरीरं आतून किती वेगळी असतात, याचं उदाहरण पुण्यातलं आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघे शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय २२.३. वजन-उंचीच्या तक्त्यात दोघेही पास. मग शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! सोबतच्या मजकुरात त्यांनी जीवनशैलीतला फरकही मोकळेपणाने सांगितला. युडकिन मॅरेथॉन धावत, याज्ञिकांची धाव सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठण्यापुरती. पण सगळं खापर लिफ्टवर फोडता येत नाही. भारतीय बाळं जन्मतःच वजनाने कमी आणि त्या मानाने चरबीने जास्त असतात, हे याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास करून दाखवलं. आईच्या ताटात काय होतं, हे त्या बाळाने निवडलेलं नसतं.

म्हणून आपल्याकडचे पुढचे आकडे एवढे मोठे आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत १ लाख १३ हजार लोक तपासले होते. त्यावरून काढलेला अंदाज असा: भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, ३१.५ कोटींना उच्च रक्तदाब आहे आणि १३.६ कोटी लोक ‘शुगर बॉर्डरवर आहे’ या वर्गात मोडतात. तुलनेसाठी सांगायचं तर, २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती. मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के.

या बॉर्डरवाल्यांसाठी चाकोरी किती मोलाची आहे, हे अमेरिकेतल्या ३,२३४ जणांवरच्या प्रयोगाने २००२ मध्ये दाखवलं. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि वजनात ७ टक्के घट, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाने पाच किलो उतरवणं, एवढं उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटलं. भारतात ५३१ जणांवर असाच प्रयोग झाला, तेव्हा जीवनशैली बदलून २८.५ टक्के फायदा झाला, गोळीच्या जवळपास बरोबरीचा. अमेरिकेच्या निम्माच, पण ज्याचा मधुमेह टळला त्याच्यासाठी तो पुरेपूर.

रक्ततपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद करणारे लोक आपण सगळ्यांनीच पाहिलेत. उपाशीपोटीची साखर त्याने थोडीफार सावरतेही. पण एचबीएवनसी या चाचणीला असं फसवता येत नाही. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात रक्तात जी साखर असेल ती तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. दिवाळीचा फराळ मकर संक्रांतीच्या रिपोर्टात दिसतो तो यामुळे.

तंबाखूचं गणित वेगळं मांडायला हवं, कारण ते महाराष्ट्रात वेगळंच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात तंबाखू वापरणारे २६.७ कोटी प्रौढ निघाले. महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के होते, पण तंबाखू चघळणारे, गुटखा खाणारे, मशेरी लावणारे मिळून २४.४ टक्के. चारांतला जवळपास एक. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. दात घासायची म्हणून ती हिरड्यांना चोळली जाते. धूर नाही, पाकीट नाही, त्यामुळे घरात तिला व्यसन म्हणतच नाहीत. दिवसातून तीनदा बोट फिरवलं तर चाळीस वर्षांत ते ४३,८०० वेळा होतं, प्रत्येक वेळी त्याच हिरड्यांवर. भारतात तंबाखूमुळे दरवर्षी साडेतेरा लाख लोक मरतात, म्हणजे दिवसाला ३,७०० च्या आसपास.

सोडून उपयोग काय, झालं ते झालं, असं म्हणणाऱ्यांसाठी पन्नास वर्षं चाललेला एक अभ्यास आहे. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ३४,४३९ ब्रिटिश पुरुष डॉक्टरांच्या सवयींची नोंद सुरू केली. त्यांची पन्नास वर्षांची गोळाबेरीज २००४ मध्ये छापली गेली, तेव्हा डॉल एक्क्याण्णव वर्षांचे होते. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांची सरासरी दहा वर्षं गेली. साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला त्यातली तीन परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्याला सहा, चाळिशीत नऊ, तिशीत सोडणाऱ्याला जवळपास सगळी दहा. साठी उलटलेल्या कुणालाही मी हे तीन वर्षांचं गणित न कंटाळता पुन्हा पुन्हा सांगत राहीन.

झोपेबद्दल एकच प्रयोग सांगतो. १५३ निरोगी स्वयंसेवकांच्या झोपेची चौदा दिवस नोंद ठेवली, मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास वा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाली. आणि माणसांच्या सोबतीबद्दलही एक आकडा. १४८ अभ्यासांतल्या ३,०८,८४९ लोकांची माहिती २०१० मध्ये एकत्र केली, तर ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते त्यांची अभ्यासाच्या काळात हयात राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त दिसली. संध्याकाळचा कट्टा, भजनी मंडळ, शेजारणीकडची बैठक यांना वेळेचा अपव्यय समजणाऱ्यांनी हा आकडा मनावर घ्यावा.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरतं. जगाची सरासरी १०.८ ग्रॅम आहे, म्हणजे माणशी वर्षाला जवळपास चार किलो. भारताच्या १४० कोटी लोकांनी रोज फक्त एक ग्रॅम, एक मोठी चिमूट, कमी केली तर दिवसाला १,४०० टन मीठ वाचेल. वर्षाला पाच लाख टनांहून जास्त.

उत्तर चीनमधल्या ६०० गावांत याच चिमटीवर प्रयोग झाला. पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठी ओलांडलेले रक्तदाबाचे रुग्ण, असे २०,९९५ लोक. निम्म्या गावांत स्वयंपाकासाठी नेहमीच्या मिठाऐवजी तीन भाग साधं मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण दिलं. बाकी जेवण ज्याचं त्याचं. पाच वर्षांच्या आसपास हे चाललं आणि २०२१ मध्ये निकाल आला: पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी, मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. कुणाला संकल्प करावा लागला नाही, बरणीतला माल तेवढा बदलला. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा रक्तातलं पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी मात्र असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

आपल्याकडे अजूनही बरंचसं मीठ घरच्या पातेल्यातूनच पोटात जातं, म्हणून त्याची मोजणीही घरच्या घरी करता येते. वाण्याकडून किलोची पिशवी आणली की तिच्यावर तारीख लिहायची. चार प्रौढांच्या घरात माणशी ५ ग्रॅमने ती ५० दिवस पुरते. जागतिक सरासरीने खाल्लं तर साधारण तेवीस दिवसांत संपते. लोणचं, पापड, फरसाण आणि बाहेरचा वडापाव हे त्याशिवाय धरायचं.